दोन बोटं कापड

भाचीचं प्रॅक्टिकलचं जर्नल घरी राहिलं म्हणून मी तिच्या शाळेत गेले होते. ऑफिसात जर्नल दिलं, वहीत सही केली आणि परत निघाले, तर व्हरांड्यात आठवी-नववीच्या मुलींची एक रांग भिंतीशी गुडघ्यांवर बसलेली. आधी वाटलं, शिक्षा झाली असेल. मग एक बाई फूटपट्टी घेऊन एकेकीपुढे वाकताना दिसल्या. स्कर्टची कड फरशीला टेकते की नाही, याची तपासणी चालली होती. टेकली तर ‘ऊठ’. नाही टेकली तर पट्टी फरशीवर उभी धरायची, कड कुठल्या रेघेवर येते ते बघायचं आणि डायरी मागून घ्यायची. बाई रागावलेल्या वगैरे नव्हत्या. कंटाळल्या होत्या; वाकून वाकून कंबर धरली असावी, कारण मधूनमधून त्या सरळ होत आणि मुठीने पाठ दाबत. मुली तोंड दाबून हसत होत्या. शेवटून दुसरी, चांगली उंच मुलगी, बाई जवळ येताहेत असं दिसताच टाचांच्या बाजूला अलगद खचली. तेवढ्याने कड टेकली. ही युक्ती मला माहीत होती, त्यामुळे मनातल्या मनात मीही हसले.

तेवढ्यात हजेरीपट छातीशी धरून एक मुलगा आला. सहावी-सातवीतला असेल. रांगेपाशी येताच त्याची चाल मंदावली. त्याने बाईंच्या हातातली पट्टी पाहिली, पट्टी जिथे टेकली होती तिथे पाहिलं, मग रांगेतल्या सगळ्या गुडघ्यांवरून त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि कान लाल करून तो जवळजवळ पळालाच. हा मुलगा रोज याच मुलींच्या शेजारून पाण्याच्या नळावर जात असणार, त्यांच्या मागून जिने चढत असणार. त्या दिवसापर्यंत या मुलींना गुडघे आहेत हे त्याच्या लक्षातही आलं नसेल. एका मोठ्या माणसाने भर व्हरांड्यात, हातात मोजमापाचं साधन घेऊन, तिथे बघण्यासारखं काहीतरी आहे असं त्याला सांगितलं, तेव्हा त्याने पाहिलं.

तो मुलगा डोक्यातून जाईना.

आमच्या वेळी स्कर्ट शिवून घ्यायचे ते वाढत्या अंगाचे. कंबरेला हुकांच्या दोन जागा आणि खाली चांगली चार बोटं दुमड. वर्ष सरत आलं की आई ब्लेडने जुनी टीप उसवायची, धाग्याचे तुकडे चिमटीने वेचायची, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची आणि पुन्हा हाताने दुमड घालायची. ओल्या कापडातून वाफ निघाली की जुन्या निळीचा आणि धुळीचा एक वास यायचा. इस्त्री कितीही दाबली तरी आधीची घडी पुसली जायची नाही. बाकीचा स्कर्ट उन्हाने विटलेला आणि घडीच्या खालची पट्टी मात्र नव्यासारखी गडद, त्यामुळे कोण किती वाढली आहे ते वर्गात कुणालाही वाचता यायचं. दुमड संपली की स्कर्ट संपला. मग वर्ष संपायला जेवढे महिने उरले असतील तेवढे महिने हात मागे घेऊन कापड खाली ओढत काढायचे.

याबाबतीत शरीराचं वेळापत्रक मुलींच्या विरुद्धच आहे. साधारण अकरा-बाराव्या वर्षी मुलींची उंची सगळ्यात जोरात वाढते, ऐन भरात वर्षाला आठेक सेंटिमीटर. त्यातही आधी पाय लांबतात, धड मागून येतं. म्हणजे शर्ट अजून नीट बसत असतो तेव्हाच स्कर्ट आखूड झालेला असतो. जूनमध्ये नियमात बसणारी मुलगी काही न करता, नुसती वेळच्या वेळी जेवून आणि झोपून, फेब्रुवारीत नियमाबाहेर जाते. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत पट्टीऐवजी बोटांचा नियम असतो: हात सरळ खाली सोडायचे, मधल्या बोटाचं टोक जिथे येईल त्याच्या वर कड जाता कामा नये. कुणीतरी हा नियम मोठा शास्त्रीय समजून केला असणार, ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्या अंगावर. फक्त लांब हातांच्या मुलीला त्यासाठी जास्त कापड लागतं, आणि जिचे नितंब भरलेले तिच्या अंगावर तेवढ्याच लांबीचा स्कर्ट मागून वर चढतो. सडपातळ, बुटक्या मुलींना हा नियम आहे हे कित्येकदा कळतही नाही.

अर्थात सगळ्या काही वाढल्यामुळे रांगेत आलेल्या नसतात. कंबरेशी गुंडाळणाऱ्याही असतातच. आमच्या वर्गात एक होती, तिचा हात इतका बसलेला होता की प्रार्थना संपून वर्गापर्यंत चालत येता येता तिचा स्कर्ट दोन वळकट्यांनी वर गेलेला असायचा, आणि कुणी ‘बाई!’ म्हणालं की एका झटक्यात खाली. मी एकदा तिच्याकडून शिकून गुंडाळून पाहिला. कंबरेभोवती कापडाचा जाड, गरम वेढा, वर पट्टा बसेना, शर्ट फुगून आलेला. आणि मांड्यांना मागून लागणारी हवा. ती हवा अजून आठवते. मोकळं वाटलं आणि त्याच वेळी आपण कुठेतरी उघड्यावर उभे आहोत असंही वाटलं, दोन्ही एकदम. गंमत म्हणजे आमची शाळा फक्त मुलींची होती. मुलांनी बघावं म्हणून हे चालतं असं जे समजतात, त्यांनी मुलींच्या शाळेच्या बाथरूममध्ये मधल्या सुट्टीत एकदा उभं राहावं. तिथल्या फुटक्या आरशासमोर जी धडपड चालायची ती एकमेकींसाठी असायची, आणि त्याहून जास्त स्वतःसाठी. दिवसभर कुठे बसायचं, कधी बोलायचं, वेणी किती घट्ट घालायची हे सगळं ठरलेलं. त्यात दोन बोटं कापड तेवढं आपल्या हातात.

आणि त्याच रांगेत आणखी एक मुलगी असायची, तिची आठवण आली की मला आजही बसल्या जागी अवघडल्यासारखं होतं. तिच्या स्कर्टची दुमड केव्हाच संपली होती. तो तिच्या थोरल्या बहिणीचा होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाई पट्टी लावायच्या तेव्हा गुंडाळणाऱ्या मुलीला ‘सोड खाली’ म्हणायच्या, ती सोडायची, प्रश्न मिटायचा. हिला सोडायला काही नव्हतं. डायरीत दोघींना शेरा एकच. गणवेशाने श्रीमंत-गरीब भेद झाकला जातो असं म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून लाज वाटण्यापासून मला त्याने वाचवलं आहे, त्यामुळे मी गणवेशाच्या बाजूचीच आहे. पण भेद झाकायचा राहिला तर तो नेमका कडेला राहतो.

जपानमधली हकिकत मला या संदर्भात फार आवडते. तिथे शाळकरी मुलींचा खलाशी पद्धतीचा गणवेश १९२०च्या आसपास आला. पुढे सत्तरच्या दशकात ‘सुकेबान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंडखोर मुलींच्या टोळ्या गाजू लागल्या. त्यांची खूण काय, तर घोट्यापर्यंत लोळणारा लांबलचक स्कर्ट. शाळा हैराण. स्कर्ट अमुक लांबीपेक्षा लांब नको, असे नियम आले आणि शिक्षक पट्टी घेऊन कड खाली किती गेली ते मोजू लागले. वीस वर्षं गेली. नव्वदच्या दशकातल्या मुलींनी तोच स्कर्ट कंबरेशी गुंडाळून मांडीपर्यंत वर नेला, खाली पायांवर ढगळ पांढरे मोजे, आणि शाळा पुन्हा हैराण. पट्टी तीच, फक्त उलटी धरायची. लांब स्कर्ट घालणाऱ्या मुलीला ‘तू मुलांचं लक्ष विचलित करतेस’ असं तर कुणी म्हणू शकत नव्हतं. तरीही तिची कड मोजावी लागली.

हे वाचल्यापासून लांबीच्या वादात लांबीबद्दल कुणी बोलायला लागलं की माझं मन भरकटतं.

मुळात शाळेतला आखूड झगा आला तो मुलींना हलता यावं म्हणून. १८९०च्या दशकापर्यंत इंग्लंडमधल्या मुली कॉर्सेट आवळून आणि पायघोळ स्कर्ट सावरत कवायत करत. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंनी तिथे मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं होतं. त्यांच्याच एका विद्यार्थिनीने, मेरी टेटने, चुणीदार, बिनबाह्यांचा, कमरेला सैल पट्टा असलेला जिमस्लिप तयार केला असं साधारणपणे मानलं जातं. तो घालून दोरावर चढता येत होतं, कवायतीच्या लाकडी घोड्यावरून उडी मारता येत होती, पळता येत होतं. आधी व्यायामशाळेपुरता असलेला हा झगा हळूहळू दिवसभराचा गणवेश झाला आणि त्यातूनच पुढे आपण सगळ्यांनी घातलेले पिनाफोर आणि ट्युनिक आले. मग साठच्या दशकात मिनीस्कर्टची लाट आली आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत मुलींना रांगेने गुडघ्यांवर बसवून कड तपासणं हा नेहमीचा कार्यक्रम होऊन बसला. पळता यावं म्हणून शिवलेल्या कपड्यात गुडघे टेकून बसायचं.

कारणं विचारली की ती ठरलेली असतात. शिस्त, टापटीप, शाळेची प्रतिमा, आणि थोडं रेटून विचारलं की मग सुरक्षितता. २०१६ साली न्यूझीलंडमधे ऑकलंडच्या एका शाळेत मुलींना स्कर्ट गुडघ्यापर्यंत आणायला सांगितलं गेलं, तेव्हा जे कारण पुढे आलं ते निदान प्रामाणिक होतं: मुलींची सुरक्षितता, मुलांच्या मनात काही येऊ नये आणि पुरुष शिक्षकांना नीट काम करता यावं. त्यावर बराच गदारोळ झाला. मला त्यातलं तिसरं कारण वाचून शिक्षकांचीच दया आली. मला शिकवणारे सर डोळ्यांसमोर आले, खडूने पांढरे झालेले हात आणि फळ्याकडून वळताना चष्म्यावरून बघण्याची सवय. त्यांना कुणी हे सांगितलं असतं की तुमचं गणित पंधरा वर्षांच्या पोरींच्या गुडघ्यांमुळे चुकतंय, तर त्यांनी राजीनामाच दिला असता. हा नियम पुरुषांबद्दल जे गृहीत धरतो त्याबद्दल पुरुषांनी का चिडू नये, हे मला आजवर कळलेलं नाही.

मुलांच्या गुडघ्यांचं कुणाला काहीच वाटत नाही. लहान मुलं हाफ पँटीत असतात, खरचटलेले, खपल्या धरलेले, शाईचे डाग पडलेले गुडघे घेऊन. पुढे फुल पँट येते ती मोठं झाल्याची खूण म्हणून. मुलाचा कपडा लांब होतो तेव्हा त्याला बढती मिळालेली असते. मुलीचा लांब करायला सांगतात तेव्हा तिने काहीतरी केलेलं असतं. २०१७च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये उन्हाची लाट आली होती, तेव्हा एक्सेटर शहरातल्या इस्का अकॅडमीतल्या मुलांनी हाफ पँट घालायची परवानगी मागितली. नियमात बसत नाही म्हणून ती मिळाली नाही. मग तीसेक मुलगे मैत्रिणींचे, बहिणींचे स्कर्ट घालून शाळेत आले, कारण स्कर्ट नियमात बसत होता. त्यातल्या एकाला म्हणे सांगण्यात आलं की तुझा स्कर्ट फार आखूड आहे, केसाळ पाय दिसताहेत. म्हणजे पट्टी निदान त्या दिवशी तरी सगळ्यांना सारखी लागली. पुढच्या वर्षापासून शाळेने हाफ पँट गणवेशात घेतली. मुलांचा प्रश्न हसतखेळत, आठवडाभरात सुटला. त्या मुलांचा मला राग नाही, हेवा वाटतो.

मुलींचा प्रश्न सुटायला कधीकधी कोर्टात जावं लागतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या चार्टर डे स्कूल नावाच्या शाळेत मुलींनी पँट घालायची नाही असा नियम होता. खाली बसायचं तर पाय एका बाजूला दुमडून, उलट्या उड्या नकोत, मैदानातल्या बारवर लोंबकळणं नको, कारण आतलं दिसेल. शाळेच्या संस्थापकांनी नियमाचं समर्थन करताना स्त्रीदाक्षिण्याचा दाखला दिला होता; मुलगी म्हणजे पुरुषांनी जपायचं नाजूक पात्र, असा त्यांचा सूर होता. काही पालकांनी २०१६ साली खटला भरला. जून २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने, दहा विरुद्ध सहा न्यायाधीशांच्या मताने, हा नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. खटला सुरू झाला तेव्हा पहिली-दुसरीत असलेल्या मुली निकालापर्यंत बारवर लोंबकळण्याच्या वयातून बाहेर पडल्या असतील.

खाली बसण्याचं ते वर्णन वाचताना माझा हात आपोआप मागे गेला. स्कर्ट घालून वाढलेल्या कुठल्याही बाईला हे कळेल. बसायच्या आधी तळहात मागून फिरवून कापड खाली घ्यायचं, गुडघे जुळवायचे, जिना चढताना दप्तर मागे धरायचं, वाऱ्यात एक हात मोकळा ठेवायचा. मी आज पँट घालून खुर्चीत बसतानाही हात मागे नेते. नववी-दहावीत तर वर्गात कुणी काही विचारलं आणि उत्तर येत असलं, तरी पहिल्या बाकावरून ताडकन उठायचं नाही, आधी कापड बघायचं आणि मग उठायचं, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. हे मोजलं जात नाही. भाचीच्या पिढीने यावर तोडगा काढलाय: स्कर्टच्या आत काळी सायकलिंग शॉर्ट्स. तिच्या वर्गात बहुतेक जणी घालतात. एक कपडा नियमासाठी आणि एक वावरण्यासाठी. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर स्कर्टखाली कॅमेरा नेऊन फोटो काढणं हा वेगळा गुन्हा म्हणून २०१९ साली कायद्यात घालावा लागला. मुली आत शॉर्ट्स का घालतात याचं उत्तर त्या कायद्यातच आहे.

शरीराच्या हालचालींबद्दल केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. १३५ देश-प्रदेशांतल्या ५ ते १७ वयाच्या दहा लाखांहून जास्त मुलामुलींची माहिती त्यांनी तपासली. दिवसाला सरासरी तासभर तरी अंग हलवावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा पुरी करण्यात मुली एकंदरीत मुलांच्या मागे. पण प्राथमिक शाळेच्या वयात, जिथे बहुतेक शाळांत गणवेश नाही अशा देशांत हे अंतर ५.५ टक्केबिंदूंचं, आणि जिथे बहुतेक शाळांत गणवेश आहे तिथे ९.८. गणवेशामुळेच हे होतं असं सिद्ध झालेलं नाही, हे संशोधकांनी स्पष्ट सांगितलं आहे, आणि मीही ते ओढूनताणून सिद्ध करणार नाही. पण मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेकडेने, हात हातात घालून नुसत्या चालणाऱ्या मुलींचे घोळके आठवतात. आम्हाला पळायची हौस नाही अशी आमच्याबद्दल सगळ्यांचीच समजूत होती. आमचीसुद्धा.

मग स्कर्टच नको, सगळ्यांना पँट, हे उत्तर सरळ वाटतं. केरळमध्ये वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना सारखीच गुडघ्याखालपर्यंतची पँट आणि शर्ट दिला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये बालुश्शेरीच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेने मुलींना पँट-शर्ट आणला, तेव्हा मुली आनंदाने उड्या मारत होत्या आणि बाहेर काही संघटना निदर्शनं करत होत्या. इंग्लंडमध्ये लुइस गावातल्या शाळेने सर्वांना पँट सक्तीची केली, तर सप्टेंबर २०१९ मध्ये मुली स्कर्ट घालून फाटकाशी जमल्या आणि त्यांना आत घेतलं गेलं नाही. पोलीस बोलवावे लागले. पहिली बातमी वाचून मला बरं वाटलं होतं. दुसरी वाचून आणखी बरं वाटलं, आणि हे जरा विचित्र आहे हे मला मान्य आहे. स्कर्ट मला स्वतःला आवडायचा. गिरकी घेतली की चुण्या उघडायच्या, थंड बाकावर बसलं की कापडाचा घोळ पायांखाली घेता यायचा. आणि समान गणवेश म्हटलं की दरवेळी मुलींनीच मुलांचा कपडा घालायचा असतो, उलटं कुणाच्या मनातही येत नाही, हेही खुपतं. एक्सेटरच्या त्या पोरांचा अपवाद.

माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे. व्हरांड्यातल्या रांगेचं मी तिला सांगितलं तेव्हा ती माझ्या अपेक्षेइतकी हळहळली नाही. ती म्हणाली, “अगं, पट्टी आहे म्हणून बरं आहे. पट्टी नव्हती तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका नुसत्या बघून सांगायच्या, हिचं शोभतं, तिचं शोभत नाही. जी गोरीगोमटी, चांगल्या घरची, तिचं सगळं शोभायचं.” पालकांचे फोन दोन्हीकडून येतात. एकाला शाळा फार ढिली वाटते, दुसऱ्याला फार कडक. दोघांनाही दाखवायला एक आकडा असला की तिची सुटका होते. “आणि मला काय हौस आहे का गं पोरींचे गुडघे बघायची?” हे ती जरा चिडूनच म्हणाली. मला त्या व्हरांड्यातल्या बाईंची पाठ दाबणारी मूठ आठवली. आकडा निःपक्षपाती असतो हे तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. आकडा कुणाला लावायचा आणि कुठे उभं करून लावायचा, हे मात्र आकडा ठरवत नाही, एवढंच मी म्हणाले. ती म्हणाली, “तू एक सत्र ये शिकवायला.” आम्ही विषय बदलला.

परवा शाळेकडून पालकांसाठी एक फॉर्म आला. गणवेशाबाबत मत द्या. पर्याय दोन: कड गुडघ्यावर, की गुडघ्याच्या खाली दोन इंच. खाली सूचनांसाठी चार रेघा आणि पालकांची सही. मुलींच्या मताला रकाना नव्हता. ताईने फॉर्म माझ्याकडे सरकवला, म्हणाली, “तूच लिही, तुला फार सुचतंय त्याच्यावर.” मी दोन्ही चौकोन रिकामे सोडले आणि रेघांवर बारीक अक्षरात लिहायला घेतलं. पँट हवी त्यांना पँट, स्कर्ट हवा त्यांना स्कर्ट, मुलग्यांनाही हीच मुभा. शिवतानाच दुमड भरपूर ठेवावी आणि वर्षाच्या मध्ये वाढलेल्या मुलीला शेरा न देता जुनं कापड जोडून घ्यायची परवानगी असावी. तपासणी करायचीच तर वर्गाबाहेर, सगळ्यांसमोर, गुडघ्यांवर बसवून नको. भाची खांद्यावरून वाचत होती. मला वाटलं, लांबीबद्दल काहीतरी म्हणेल.

“मावशी, हे सगळं राहू दे,” ती म्हणाली, “आधी खिसा लिही. मुलांच्या पँटला चार आहेत. आम्हाला एकपण नाही. पेन्सिल, रुमाल, पॅड, सगळं हातात धरून फिरायचं का आम्ही?”

सूचनांच्या रेघा संपल्या होत्या. मी फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला वर एक आकडा घातला आणि पेन तिच्याच हातात दिलं. तिने खिसे दोन मागितले. एक चेनवाला.